आठ दिवसांत परतलेला गंज: बाजारातून आणलेल्या जुन्या अवजारांचे काय करावे

गोव्यात किनाऱ्यावरच्या मांद्र्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून त्यांनी जुनी अवजारे आणली: एक लोखंडी रंधा, तीन पटाश्या, पक्कड, पाइप पाना, हातकरवत आणि कोयता. विकणारा म्हणाला, एका होडीवाल्याच्या घरची आहेत. कोणीतरी सुचवले म्हणून ताईंनी सगळी अवजारे बादलीत टाकली, वर व्हिनेगर ओतले, मूठभर मीठ घातले आणि रात्रभर ठेवली. सकाळी घासल्यावर लोखंड पांढरे झाले. मग नळाखाली धुतली, फडक्याने पुसली, खोबरेल लावून कपाटात ठेवली. आठव्या दिवशी पाहतात तर सगळ्यांवर तांबूस ठिपके, आणि पक्कड अजूनही उघडत नाही. काय चुकले, आणि आता पहिल्यापासून काय करू, असे त्या विचारतात.

ताई, तुमची मेहनत वाया गेलेली नाही. वरचा जाड गंज निघाला, म्हणजे अर्धे काम झाले. चूक झाली ती मिठाची. मीठ घातल्याने आम्ल जोरात चालते, सकाळी लोखंड लख्ख दिसते, म्हणून हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. कोरड्या मुलखात तो एखाद वेळी खपूनही जातो. आपल्याकडे नाही. तुमची अवजारे तर आधीच समुद्रावरची होती. त्यांच्या पोटात मीठ होतेच, त्यात तुमच्या हातून आणखी गेले.

मीठ लोखंडाचे काय करते ते समजून घ्या, पुढचे सगळे त्यावरच चालते. गंजाने लोखंडाला बारीक खड्डे पडतात. मिठातला क्लोराइड त्या खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतो. तिथे लोखंडाशी त्याचा संयोग होतो आणि जे तयार होते ते हवेतले पाणी ओढून घेते. त्या ओलीत लोखंड विरघळते, वर येऊन त्याचा गंज होतो, आणि क्लोराइड मोकळा होऊन पुन्हा खाली कामाला लागतो. तो खर्ची पडतच नाही. म्हणून वरून कितीही घासले तरी आठ-दहा दिवसांत त्याच जागी तोच ठिपका उगवतो. पावसाळ्यात अशा लोखंडाला घाम फुटल्यासारखे तपकिरी थेंब येतात. ते दिसले की समजावे, आत मीठ आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की साधे लोखंडही गंजू लागते. जुलैत आपल्याकडे ती ८५-९० टक्क्यांवर असते. मीठ धरलेल्या लोखंडाला तर त्याहून खूप कमी ओल पुरते.

गोव्याच्या किनाऱ्यालगत बुडालेल्या जहाजांचे अवशेष दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी शोधले आहेत, सुंची रीफपाशी तोफाही सापडल्या. समुद्रातून वर काढलेले लोखंड जगभर कुठेही तसेच वाळू देत नाहीत. ते सोड्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात बुडवून ठेवतात, पाणी बदलत राहतात, आणि तोफेसारख्या वस्तूला यात महिने, कधी वर्षेही लागतात. तुमच्या पटाशीला आठवडा पुरेल, पण रीत तीच.

आता कामाला लागू. आधी अवजारे पूर्ण सुटी करा. रंध्याचे पाते, पात्यावरची लोखंडी पट्टी, मूठ, स्क्रू, सगळे वेगळे. सुटे करण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, जोडताना गोंधळ होत नाही. लाकडी मुठी निघत असतील तर काढा, लाकूड पाण्यात घालायचे नाही. रंध्याच्या तळाला जिथून पाते डोकावते त्या फटीच्या दोन्ही कडा उजेडात धरून नीट पाहा. रंध्याचा सांगाडा बिडाचा असतो, आणि बीड पडले की तिथेच तडकते. तडा असेल तर त्या रंध्यावर जास्त कष्ट घेऊ नका, पाते तेवढे ठेवा. जुन्या अवजारावर हिरवा किंवा तांबडा जाड रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसे असायचे, त्याची धूळ फुफ्फुसात जाते. घासायचाच असेल तर ओला करून घासा आणि तोंडाला मास्क लावा.

मग तेलकट मळ काढायचा. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग म्हणतात की औषध चालले नाही. ग्रीस आणि जुने तेल असेल तिथे पाणी लोखंडापर्यंत पोहोचतच नाही. रॉकेल मिळाले तर उत्तम, नाहीतर डिझेल घ्या. जुन्या ब्रशने घासा, मग भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवा. तुम्ही लावलेले खोबरेलही यात निघून जाईल.

यापुढे तुमच्या बाबतीत पुन्हा आम्लाची गरज नाही. गंज नवा आणि पातळ आहे. पितळी ब्रश किंवा बारीक लोखंडी लोकर आणि थोडे तेल, एवढ्याने निघेल, मग पुन्हा साबणाने धुवून टाका. त्यानंतर प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन लिटरला २० ग्रॅम या मापाने धुण्याचा सोडा विरघळवा आणि अवजारे पूर्ण बुडवून ठेवा. सोड्याच्या पाण्यात लोखंड गंजत नाही, आणि खड्ड्यांतले मीठ सावकाश बाहेर येते. दर दोन दिवसांनी पाणी टाकून नवे करा. मी किनाऱ्याकडच्या अवजारांना निदान चार वेळा पाणी बदलतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असते, ते वापराल तर मीठ काढायचे सोडून घालत राहाल. आता पावसाचे दिवस आहेत, पागोळीखाली स्वच्छ बादली लावा. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्या, नंतरचे घ्या. शेवटच्या धुण्याला बॅटरीत घालायचे पाणी आणले तर आणखी चांगले. हात संभाळा, सोड्याने त्वचा फाटते, रबरी मोजे घाला. आणि ॲल्युमिनियमचा भाग यात घालू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो.

पुढच्या वेळी जाड गंजाचे अवजार मिळाले तर काय करायचे तेही सांगतो. व्हिनेगर वाईट नाही, पण ते गंजाबरोबर चांगले पोलादही खाते, म्हणून रात्रभर विसरून जायचे नाही, दर दोन-तीन तासांनी काढून ब्रशने घासून बघायचे. मला लिंबूसत्त्व जास्त बरे वाटते. वाण्याकडे मिळते आणि वासही नाही. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवायचे, मग ४० ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घालायचा. फेस जोरात वर येतो, म्हणून भांडे मोठे घ्या आणि घाई करू नका. सोड्याने आम्लाची धार कमी होते, त्यामुळे ते गंज ओढून घेते पण पोलादाला फारसे लागत नाही. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घातले की पाणी खड्ड्यांत नीट शिरते. एका रात्रीत साधारण गंज सुटतो. घरच्या चिंचेनेही काम होते, आमच्या आईचा कोयता वर्षानुवर्षे चिंचेच्या कोळाने घासला जायचा. कोकमाचे आगळ मात्र वापरू नका. त्यात आम्ल असते हे खरे, पण आगळ मीठ घालूनच टिकवलेले असते, म्हणजे फिरून तीच चूक. संडास धुवायचे ॲसिड तर घरात उघडूच नका. त्याच्या नुसत्या वाफेने त्याच खोलीतली बाकीची चांगली अवजारे दुसऱ्या दिवशी लाल होतात. मी हे स्वतःच्या वर्कशॉपात एकदा पाहिले आहे, टांगलेला पान्यांचा पूर्ण संच गेला होता.

काकवी दहापट पाण्यात मिसळून त्यात अवजार पंधरा दिवस बुडवले तरी गंज सुटतो. काम सावकाश आणि पोलादाला जपून होते, पण वास घरात सोसत नाही. अंगण मोठे असेल तर करा.

पाइप पाना आणि कोयता यांसारख्या जाड वस्तूंसाठी विजेची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. प्लॅस्टिकची बादली, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा गाडीचा बॅटरी चार्जर. अवजार चार्जरच्या ऋण टोकाला, आणि बांधकामावरची साधी लोखंडी सळी धन टोकाला. दोघांनी एकमेकांना पाण्यात कुठेही टेकायचे नाही. चालू केले की अवजारावरून बुडबुडे येतात आणि गंज काळा, भुसभुशीत होऊन ब्रशने सुटतो. सळीसमोरची बाजू आधी साफ होते, म्हणून मधे एकदा अवजार फिरवायचे. चांगले लोखंड यात खाल्ले जात नाही. शिवाय क्लोराइड ऋणभाराचा आणि अवजारही ऋण टोकाला, त्यामुळे मीठ आपोआप बाहेर ढकलले जाते. किनाऱ्यावरच्या अवजारांना ही पद्धत म्हणूनच लागू पडते. नवे स्वयंचलित चार्जर पुढे बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत, जुना साधा चार्जर शोधा.

यात तीन गोष्टींची काळजी घ्या. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याच्या जागी मीठ घालू नका, क्लोरीन वायू निघतो. आणि बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्या पडवीत करा, आसपास विडी-काडी नको, तारा हलवण्याआधी चार्जर बंद करा. करवत आणि स्प्रिंगचे भाग मी यात किंवा आम्लात फार वेळ ठेवत नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते.

आता वाळवणे. तुमची दुसरी चूक इथे झाली. नळाच्या गार पाण्याने धुवून फडक्याने पुसलेले लोखंड कोरडे दिसते, कोरडे नसते. सांध्यांत, खड्ड्यांत, पटाशीच्या दांडीच्या बुडाशी पाणी राहते. शेवटचे धुणे उकळत्या पाण्यात करा. लोखंड स्वतःच तापते आणि बाहेर काढल्यावर मिनिटाभरात आपोआप सुकते. उकळत्या पाण्याचा आणखी एक उपयोग आहे: खड्ड्यांत उरलेला तांबडा गंज त्यात काळ्या थरात बदलतो, आणि तो काळा थर तांबड्यासारखा पसरत नाही. त्यानंतर केस सुकवायच्या मशीनने सांधे तापवा आणि अवजार हाताला कोमट असतानाच तेल लावा. त्या क्षणापासून उघड्या बोटांनी धरू नका, घामातले मीठ एका रात्रीत बोटांचे ठसे उठवते.

तेल कोणते? खोबरेल नको. आपल्याकडे घरोघरी तेच लावतात, रोज वापरात असलेल्या कोयत्याला ते चालूनही जाते. पण महिनोन्महिने ठेवायच्या अवजारावर ते खवट होते आणि त्यातून आम्ल तयार होते. शिलाई मशीनचे तेल घ्या. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवण्यासाठीच बनवलेले द्रव आहे, सांध्यातली ओल काढायला छान. पण त्याचा थर पातळ असतो, त्यावर विसंबून पावसाळा काढता येत नाही, वरून तेल किंवा मेण हवेच. मी मधाच्या पोळ्याचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून ठेवतो. गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवायचे, थेट आचेवर कधीही नाही. रंध्याच्या तळाला आणि करवतीला हे मेण तेलापेक्षा बरे, लाकडाला डाग पडत नाही आणि अवजार घसरतेही छान.

पक्कड. गंज हा ज्या लोखंडापासून होतो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून सांधा आतून फुगून आवळला जातो. ताकद लावून उघडायला जाल तर दांडी वाकेल. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे करून सांध्यावर सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी सांध्याच्या खिळ्यावर हातोडीने हलके ठोके द्या, पुन्हा तेल सोडा. चार-पाच दिवस लागले तरी लागू द्या. केसाएवढी हलली की जिंकलात. मग तेल घालत उघड-मीट करत राहा, काळा-तांबडा गाळ बाहेर येईल, तो पुसत जा. पूर्ण मोकळी झाली की तीही सोड्याच्या पाण्यात जायला हवी, कारण तिच्या सांध्यात सगळ्यांत जास्त मीठ असणार.

पटाश्यांकडे जास्त लक्ष द्या, तुमच्या सगळ्या खरेदीत मोलाचा माल तोच. पटाशीची सपाट पाठ धारेपासून बोटभर तरी खड्ड्यांवाचून हवी. धारेवर खड्डा आला की तिथे धार तुटकीच राहते, मग कितीही निसा. खड्डे धारेपासून दूर असतील तर त्यांना हात लावू नका, पूर्ण पाते गुळगुळीत करायच्या हट्टात चांगले पोलाद वाया जाते. जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर ओला करून चिकटवा, २२० नंबरपासून ४००, मग १०००, आणि पाठ सपाट दाबून घासा. पुढचा उतार २५ अंशांचा आणि अगदी टोकाशी ३० अंशांची बारीक पट्टी, एवढ्यावर साग, फणस दोन्ही चालतात. ग्राइंडर वापरू नका असे म्हणणार नाही, पण दर दोन-तीन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवा. कड गवतासारखी पिवळी दिसली म्हणजे पोलाद २२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले. निळी झाली तर ३०० च्या घरात गेले, पोलादाचे पाणी उतरले म्हणजे त्याचा कडकपणा गेला, आणि तेवढा भाग घासून टाकल्यावाचून धार टिकणार नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. ग्राइंडरला लावायच्या तारेच्या ब्रशची तुटलेली तार मी एका सहकाऱ्याच्या गालात रुतलेली पाहिली आहे.

करवतीला तारेचा फिरता ब्रश लावू नका. वॉटर पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा आणि तेल लावून पात्याच्या लांबीनेच घासा. जुन्या चांगल्या करवतीवर बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. ठोकळ्याने घासले तर ती वाचते, बोटाने घासले तर जाते. दात निसायला तीनधारी कानस लागते. पहिल्या खेपेला एखाद्या जुन्या सुताराकडे बसून बघा. डिचोली, फोंडा भागात हे काम हाताने करणारी माणसे अजून आहेत, आणि दात किती फाकवायचे ते लिहून शिकवता येत नाही.

कोयत्याच्या पात्यावरचे खोल खड्डे उरले असतील तर हिरड्याचा उपाय करून बघा. मूठभर हिरडा कुटून अर्धा लिटर पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळा, गाळा, आणि गरम काढा ब्रशने खड्ड्यांना लावा. हिरड्यातले टॅनिन उरल्यासुरल्या गंजाला धरून निळसर काळा थर बनवते, जुनी काळी शाई अशीच व्हायची. दोन-तीन हात द्या, सुकू द्या, मग मेण. धारेला लावायची गरज नाही. आणि हे मीठ काढल्यानंतरच, आधी केले तर काळ्या थराखाली गंज चालूच राहतो.

मुठी सुकल्यावर जवसाचे तेल द्या, पातळ हात, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना लावतात म्हणून कोणी मुठीला सुचवेल, ते नको, त्याने हात भाजल्यासारखे सोलतात. कोयत्याची मूठ हलत असेल तर ती बदला, बाभळीची किंवा पेरूच्या लाकडाची घ्या, साम (मुठीच्या तोंडावरचे धातूचे कडे) घट्ट बसवा आणि भोकात वितळलेली लाख भरा म्हणजे आत पाणी शिरणार नाही.

ठेवायचे कुठे, हा मांद्र्यात मोठा प्रश्न आहे. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून नको, जमिनीवर नको, चामड्याच्या म्यानात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात तर नकोच, दोन्ही ओल धरतात. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि चार कापराच्या वड्या. आमच्या वर्कशॉपातले जुने फिटर मोजमापाच्या पेट्यांत कापूर ठेवायचे, मीही ठेवतो. सिलिका जेल दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येते. कपाट असेल तर आत १५ वॉटचा साधा पिवळा बल्ब लावून ठेवा, त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. फक्त बल्बजवळ फडकी आणि तेल नको. खंडेनवमीला अवजारे बाहेर निघतातच, तेव्हा पावसाळाभर बसलेले जुने तेल पुसून नवा हात द्या.

आणि आताचे काम झाल्यावर पंधरा दिवसांनी प्रत्येक अवजार पांढऱ्या सुती फडक्याने पुसून बघा, खड्ड्यांवरून विशेष. फडके काळपट आले तर ते तेल आहे, ठीक. तांबूस आले तर ज्या अवजारावर आले तेवढेच साबणाने धुवून पुन्हा सोड्याच्या पाण्यात, आणखी दोन वेळा पाणी बदलून. मला वाटते पाइप पान्याच्या फिरत्या चक्रीला ही दुसरी फेरी लागेल.